गुप्त निवाऱ्याची पाटी

बाळांनो, एका जंगलात सगळी सोय होती. पाणवठा होता, सिंहमहाराजांचा दरबार होता, जयजयकार करून घसा बसलेला भालदारही होता. फक्त नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांना जायला जागा नव्हती.

तिथे भागी नावाची एक मुंगशीण राहायची. तिच्या नवऱ्याचं, मुंगूसरावांचं, साप मारण्यात मोठं नाव होतं. घरात साप नसायचा. मग ते भागीला मारायचे. शेजारणी म्हणायच्या, "एवढा शूर नवरा मिळालाय, थोडं सोसायचं."

भागी सोसत राहिली. पण एके दिवशी मुंगूसरावांनी पिल्लावर पंजा उगारला आणि भागीने ठरवलं, आता या घरात राहायचं नाही.

त्याच आठवड्यात दवंडी पिटली गेली. महाराजांनी छळ झालेल्या माद्यांसाठी गुप्त निवारागृह काढलं होतं. गुप्त अशासाठी, की नवऱ्यांना पत्ता लागू नये. काम भागीदारीत होतं. गुहा दरबाराची, बाकी सगळं अस्वलशेठ मधवाल्यांचं. शेठजी मनाने वाईट नव्हते बरं का. त्यांची एकच अट होती: चांगलं काम केलं तर ते चार जणांना दिसायला हवं.

दुपारी मुंगूसराव ऊन खात पडले होते, तेव्हा भागी पिल्लाला तोंडात धरून निघाली. पत्ता कुणाला विचारावा, याचीच तिला काळजी होती. पण पहिल्याच झाडावर पाटी होती: "गुप्त निवारागृह, इकडे. सौजन्य: अस्वलशेठ मधवाले." खाली बाण होता. पुढच्या झाडावरही होता. भागीला आधी हायसं वाटलं. मग तिने मागे वळून पाहिलं आणि ती पळत सुटली.

निवाऱ्याची देखरेख साळूमावशी नावाच्या साळिंदरीकडे होती. तिने आधी पिल्लाला पाणी पाजलं. मग ती तिथेच उभ्या असलेल्या शेठजींकडे वळली.

"अहो शेठ, पत्ता गुप्त ठेवायचा होता ना?"

"गुप्तच आहे की! पाटीवर तसं लिहिलंय. माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत!" शेठजी खरोखर दुखावले होते.

तेवढ्यात बाण बघत बघत मुंगूसराव दारात आले. भागी पिल्लाला घेऊन साळूमावशीच्या मागे सरकली. शेठजींचा चेहरा मात्र खुलला.

"अहो, या या! एवढी मोठी असामी, आणि आमच्याकडे पहिली भेट तुमची!"

लगेच शाल आली, नारळ आला. मुंगूसरावांना दोन शब्द बोलायची विनंती झाली. समोर श्रोते असले की शूर गडी कशाला सोडतोय? घरातल्या प्रेमाचं महत्त्व ते बराच वेळ सांगत राहिले.

साळूमावशी भागीच्या कानाशी आली. "चल गं पोरी, मागच्या वाटेने."

"कुठं, मावशी?"

"माझ्या बिळात. जागा अडचणीची आहे, पण दाराशी मी बसते. बघू कोण आत येतो."

मुंगूसरावांनी पुढे सगळं जंगल पालथं घातलं. पण त्या बिळाला ना पाटी होती, ना बाण. आत भागी पिल्लाला कुशीत घेऊन निजली होती. कित्येक महिन्यांनी तिला गाढ झोप लागली होती.

वर्षअखेर दरबाराने पाहणी केली. निवारागृहात एकही मादी नव्हती. त्याअर्थी जंगलातला छळ संपला, असं जाहीर झालं आणि शेठजींचा सत्कार ठरला. अध्यक्ष होते मुंगूसराव.

तात्पर्य: कुणाला आसरा द्यायचा असेल, तर पाटी आधी लावावी. पाटी राहून गेली, तर नुसता आसराच दिला जातो.