कळव्याच्या गच्चीवरून ट्रायटन

आमच्या घरात विज्ञान म्हणजे मी! तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, उगाच नाही. म्हणून तर पुतणी समीक्षाने तिच्या पीएचडीच्या कामाची एक दुर्बीण कळव्याला माझ्या गच्चीवर आणून ठेवली.

नेपच्यूनचा चंद्र ट्रायटन संध्याकाळी साडेसातला एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तारा कसकसा मंदावतो, त्यावरून ट्रायटनचं विरळ वातावरण मोजायचं. दुसरी दुर्बीण पुण्यात, तिच्याजवळ.

"काका, कॅमेरा लावून दिलाय. फक्त मोठ्याने वेळ सांगत राहा, आवाजही रेकॉर्ड होईल. बाकी काही करू नका हं!"

"अगं, मला शिकवतेस?"

तेवढ्यात बायको, नीला, दुर्बिणीला लिंबू-मिरची बांधायला आली. मी हाकललंच! "हे विज्ञान आहे, रिक्षा नव्हे!"

सव्वासातला समीक्षाचा रडवेला फोन. "काका, पुण्यात ढग आलेत. आता सगळं तुमच्यावर."

पोरीची तीन वर्षांची मेहनत! मी घड्याळाला डोळे लावून वेळ सांगायला लागलो. रेकॉर्डिंग झालं, अगदी झकास.

दुसऱ्या दिवशी ती फोनवर किंचाळलीच. "काका! तारा दोन मिनिटं आधीपासून मंदावलाय! एवढं उंच वातावरण कुणालाच मिळालं नव्हतं! संध्याकाळी माझे गाइड सर तुमच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलणारेत!"

मग काय! मी पेढे आणले, अख्खा मजला हॉलमध्ये जमवला, कॉल टीव्हीवर लावला.

सर म्हणाले, "वेळा तपासू. समीक्षा, रेकॉर्डिंगचा आवाज ऐकव."

माझा खणखणीत आवाज आला, "सात सत्तावीस!" मग काडी ओढल्याचा आवाज. मग तोच आवाज, पण कुजबुजता: "बाप्पा, लाज राख रे! ही उदबत्ती घे, पण पोरीचा तारा दिसू दे!"

शेजारच्या शिवरामभाऊंनी तोंडाशी नेलेला पेढा हळूच परत ठेवला.

"उदबत्ती... कुठे लावलीत?" सरांनी विचारलं.

"दुर्बिणीच्या तोंडासमोरच. ओवाळली पण," मी पुटपुटलो.

समीक्षा रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "असू दे, काका." मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. माझ्या भरवशावर राहिली बिचारी, आणि मी तिच्या कष्टांचा धूर केला!

सगळे पांगले. नीलाने टीव्ही बंद केला, पेढ्यांवर झाकण ठेवलं.

"लिंबाला धूर नसतो हो," ती एवढंच म्हणाली.