कव्हरं तुमची, आतलं माझं

पेंटर बहिणीकडून परतले, तर कपाटाचं दार चक्क नीट लागलेलं. उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवलेल्या या माणसाला एकच नाद होता, जुनी सचित्र मासिकं जमवायचा. ती कपाटात इतकी कोंबलेली असत, की दार दोरीने बांधून ठेवावं लागे.

बायकोने हसतमुखाने एक जाडजूड चिकटवही पुढे केली. प्रत्येक पानावर एकेक कव्हर, खळ लावून, कडा जुळवून चिकटवलेलं. एकही सुरकुती नाही बघा, असंही तिने कौतुकाने दाखवलं.

पेंटर मटकन खुर्चीत बसले. ओरडायचीही सोय नव्हती. आतला मजकूर घाला चुलीत, खरी जान कव्हरात असते, असं आल्यागेल्याला तेच ऐकवत. बायकोने त्यांचा शब्द झेलला होता. आतल्या पानांचं काय केलंस, असं त्यांनी चाचरत विचारलं, तेव्हा ती नुसतीच लाजली आणि दूध तापवायला आत गेली. पेंटरांनी पायात चपला सरकवल्या आणि थेट रद्दीवाल्याचं दुकान गाठलं.

तिथे त्यांनी गठ्ठ्यामागून गठ्ठे उपसले, शिंकून शिंकून डोळे लाल केले आणि नीट रचलेला एक ढीग रद्दीवाल्याच्याच अंगावर पाडला. त्याने अंग झटकत सांगितलं, की काकूंनी आजवर त्याला कागदाचा चिटोराही विकलेला नाही.

घरी दूध उतू जाऊन करपत होतं, आणि बायको स्वयंपाकघरात बिनकव्हरांच्या अंकांच्या मधोमध फतकल मारून वाचत बसली होती.

"इतकी वर्षं प्लास्टिकमधून काढू दिले नाहीत तुम्ही," ती म्हणाली. "बोटं उमटतील म्हणायचात. मग म्हटलं, वाटणीच करू. कव्हरं तुमची, आतलं माझं."

पेंटरांचा राग जागीच विरला. ही बाई इतकी वर्षं त्या कपाटाकडे आशेने बघत होती आणि आपल्याला पत्ताच नाही, याची त्यांना फार लाज वाटली. त्यांनी गॅस बंद केला, भिंतीला टेकून बसले आणि तिला मोठ्याने वाचायला सांगितलं.

गोष्ट शिवणकाम करणाऱ्या एका विधवेची होती. नावाडी बोट घेऊन वाट बघतोय. ती धक्क्यावर येते, एक पाय उचलते, आणि खाली छापलेलं, 'शेवट मुखपृष्ठाच्या मागे.' संपादकाची जागा संपली असावी.

दोघांनी चिकटवहीकडे पाहिलं. ते मुखपृष्ठ म्हणजे लाल छत्रीवाली मुलगी, पेंटरांची सगळ्यांत लाडकी. ती दिसली की अजूनही त्यांचा हात ब्रश शोधायचा.

"जाऊ दे," बायको म्हणाली. "चढली असेल बोटीवर." पण तिचा चेहरा उतरला होता.

पेंटरांनी पाणी उकळत ठेवलं. वाफेवर चिकटवही धरून त्यांनी कोपऱ्यापासून कव्हर हळूहळू सोलायला घेतलं. छत्री फाटली, मुलीचा अर्धा चेहरा गेला, आणि मागची अक्षरं खळीबरोबर वहीच्याच पानाला लागून राहिली. एक ओळ धड उरली नव्हती.

"काय झालं हो तिचं?" बायकोने विचारलं.

तिला दिसणार नाही अशा बेताने पेंटरांनी कव्हर डोळ्यांजवळ धरलं. आयुष्यात त्यांनी दुकानांच्या नावांपलीकडे काही लिहिलं नव्हतं.

"चढली," ते म्हणाले.

"एवढंच?"

"छे, बरंच आहे." पेंटरांनी घसा खाकरला. "बस, वाचतो."