ओल्या लाकडांच्या कुमुदताई

आम्ही जेवणाचं टेबल घ्यायला गेलो, तेव्हा कुमुदताईंनी भर दुकानात वाकून टेबलाच्या पायाचा वास घेतला.

"सागवान नाही," त्या म्हणाल्या.

"आंटी, टीक लाह," म्हणजे सागवानच आहे हो, असं विक्रेता इथल्या हेलात म्हणाला.

ताईंनी पर्समधून भिंग काढलं, विक्रेत्यालाही टेबलाखाली वाकवलं आणि वीस मिनिटं लाकडाच्या रेषा समजावल्या. टेबल काही आम्ही घेतलं नाही. विक्रेत्याने मात्र ताईंचा फोन नंबर मागून घेतला.

ताई क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्याने घेऊन राहायच्या. समुद्रापलीकडे सुमात्राच्या दलदलीत, कुजलेल्या पाल्याच्या काळ्या चिखलात, शेकडो वर्षं गाडलेली लाकडी घरं उकरून काढायची, हे त्यांचं काम. चिखलात हवा लागत नाही म्हणून ते लाकूड टिकतं. बाहेर काढून वाळू दिलं की तडकतं. ते कसं वाचवायचं याच्या प्रयोगांसाठी त्यांनी आमच्या स्वयंपाकघरामागे तीन टबांत साधी सरावाची लाकडं भिजत घातली होती. माझी बायको मेधा कपडे वाळत घालायला त्या टबांना वळसा घालून जायची.

एकदा डासांची तपासणी करायला माणूस आला. "टब उघडा," तो म्हणाला. ताई म्हणाल्या, "आधी हात धुवा." त्याने निमूट धुतले. टबांवर ताईंच्या जुन्या ओढण्यांची घट्ट झाकणं होती. आत डासाचं नावही नव्हतं.

खोदकामाला गेल्या की त्यांचा फोन यायचा. "पाणी बदललं ना? आणि तुम्ही सगळे बरे?" नेहमी याच क्रमाने.

अशाच एकदा परतल्यावर त्यांनी आम्हाला लॅपटॉपसमोर बसवलं. काळे खांब. मग आणखी काळे खांब. मेधाने तीनदा चहा केला. मग एक आडवा ओंडका आला.

"ही घरात चढायची शिडी," ताई म्हणाल्या. "मोठ्या माणसाची टांग पोचेल अशा अंतराने खाचा पाडल्यात. पण खालच्या दोन खाचांमधली ही छोटी बघा. नंतर पाडलीय, वेगळ्या हत्याराने. कशासाठी, यावर आमचा अजून वाद चाललाय."

"फॉर स्मॉल किड्स लाह," आमची सहा वर्षांची इरा म्हणाली.

ताईंनी पडद्यावरच्या त्या छोट्या खाचेवर बोट ठेवलं.

"निनाद इराएवढा होता तेव्हा मी चिखलात होते," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा. पुण्याला असतो. बहिणीने वाढवला. आता फोनवर तो विचारतो, कशी आहेस. मीही तेच विचारते. मग दोघंही फोन ठेवतो."

दोन वर्षं एका घरात राहत होतो आम्ही. ताईंना मुलगा आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

रविवारी सकाळी करवतीच्या आवाजाने जाग आली. दुपारपर्यंत ताईंनी बाथरूमच्या बेसिनखाली एक पायरी करून ठेवली होती, चारी कडा घासून गुळगुळीत. इरा रोज चवड्यांवर उभी राहून दात घासायची. आम्ही रोज पाहत होतो आणि आम्हाला सुचलं नव्हतं.

इरा वर चढली. तिने नळ सोडला.

"हललं तर सांग हं," ताई म्हणाल्या आणि ओल्या फरशीवर बसून त्यांनी दोन्ही हातांनी पायरी धरली. पायरी अजिबात हलत नव्हती. तरी इराचे दात घासून होईपर्यंत ताईंनी ती सोडली नाही.