छातीतून काढलेली दाढ

डॉक्टर सुगतला कुठलाही दात दाखवा, चुटकीसरशी उपटून तुमच्या हातावर ठेवणार! अमरावतीत दंतवैद्यकाचं पुढचं शिक्षण घेणाऱ्या या बहाद्दराला कॉलेजने वरूडकडच्या एका आरोग्य केंद्रात पंधरा दिवसांसाठी धाडलं. बीपी, शुगर, ताप-खोकला, असं दातांपलीकडचं शिकायला. निघताना तो मित्रांना म्हणाला, "पंधरा दिवस? दोन दिवसांत शिकतो आणि उरलेले तेरा संत्री खातो!"

तिथल्या डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी पहिल्याच सकाळी त्याची हवा काढली.

"एका पेशंटची हकीकत, मधे तोंड न घालता, शेवटपर्यंत ऐकायची. जमलं की तुमच्या दाखल्यावर सही. नाही जमलं, तर पुन्हा पंधरा दिवस."

"एवढंच, मॅडम?"

"एवढंच. तुम्ही लोक पेशंटचं तोंड उघडता आणि मग त्याला बोलूच देत नाही!"

अहो, पण सवय! समोर माणूस बसला की सुगतच्या तोंडून आपोआप निघायचं, "आ करा!" बीपी मोजताना "आ करा", ताप बघताना "आ करा". गुडघा दाखवायला आलेल्या माणिकबाईंनी आ केला, मिटला आणि विचारलं, "बाप्पा, गुडघा तोंडातून दिसते काय?" दहा दिवस झाले, एकही हकीकत शेवटाला गेली नाही.

अकराव्या दिवशी डोमाजी आले. सत्तरीचे, स्वतःची संत्र्याची बाग सांभाळणारे.

"डाक्टरसाहेब, दाढ दुखून राहिली."

"कोणती?"

डोमाजींनी खिशातून अख्खी कवळी काढून टेबलावर ठेवली. "हे पाहा, डावीकडची. बगीच्यातून टेकाड चढून येतो तं..."

"आ करा!"

झालं! हिरड्या तपासून सुगतने निकाल दिला. "कवळी घासते. चार दिवस घरी ठेवा." डोमाजी उरलेलं वाक्य घेऊन घरी गेले.

पंधराव्या दिवशी ते पुन्हा आले, बोळक्या तोंडाने. सुगतची ही शेवटची संधी. ज्योत्स्नाबाई मागे खुर्ची टाकून बसलेल्या. सुगतने दोन्ही हात मांडीखाली दाबले. "बोला, बाबाजी."

आणि डोमाजी बोलले! थोरलीचं लग्न, जावयाची मोटारसायकल, माकडांनी बागेत घातलेला धुडगूस. सुगतच्या जिभेवर तीनदा "आ" आला, तीनदा त्याने तो गिळला.

"...मंग कवळी घरी ठेवली, साहेब. पण दाढ काई घरी राह्यत नाई! टेकाड चढलं का येतेच मांगं मांगं. बसलं का जाते. अन् आज तं बसल्या बसल्या दुखून राहिली, पार हातापर्यंत."

सुगत ताडकन उठला. टेकाड! हेच वाक्य त्याने चार दिवसांपूर्वी अर्ध्यावर तोडलं होतं.

"मॅडम, ही दाढ नाही, हृदय आहे! कळ जबड्यात येतेय!"

बाई तोवर उठल्याही होत्या. ईसीजी काढला, तो खराब आला. सीमा सिस्टरने १०८ला फोन लावला. सुगतने डोमाजींच्या हातावर रक्त पातळ करणारी गोळी ठेवली. "गिळू नका बाबाजी, चावा! लवकर चावा!"

डोमाजींनी गोळीकडे पाहिलं, मग सुगतकडे.

"कशानं चावू जी? दात तं तुमीच घरी ठेवाले लावले!"

सुगतला रडू यायचंच काय ते बाकी होतं. त्याने गोळी कागदात गुंडाळली, टेबलावरच्या स्टेपलरने ठेचली आणि पूड स्वतःच्या बोटाने म्हाताऱ्याच्या जिभेवर ठेवली. रुग्णवाहिकेत अमरावतीपर्यंत तो त्यांचा हात धरून बसला होता. आयुष्यात इतका तो कधी घाबरला नव्हता.

डोमाजी वाचले! हृदयाची तुंबलेली नस मोकळी करून घेऊन आठवड्याने गावी परतले आणि भेटेल त्याला सांगत सुटले, "दाढ दुखत होती, पोरानं छातीतून काढली! पण पयले पुरी कहाणी आयकली, हां!"

सुगतला सही मिळाली. महिन्याभराने तो दातांच्या शिबिरासाठी त्याच केंद्रात आला. पहिला नंबर भागीरथाबाईंचा, गाल टम्म सुजलेला. त्याने छोटा आरसा उचलला. "आ..."

"ठेव तो आरसा खाली!" बाई कडाडल्या. "डोमाजीचं अर्धा घंटा आयकलं, माह्यं काऊन नाई?"

बाईंनी स्वतःच्या लग्नापासून सुरुवात केली. सुगतने सगळं ऐकलं. मधे तोंड घातलं नाही. पाऊण तासाने, बाई दम घ्यायला थांबल्या तेव्हा, त्याने हळूच विचारलं, "मावशी, टेकाड चढताना दुखतं का? छातीत? हातात?"

"छातीत काऊन दुखीन?" भागीरथाबाई गाल धरून ओरडल्या. "दाढ किडली ना, बाबू! कवाची वाट पाहून राहिली, तू काई आ कर म्हनतच नाई!"