अप्पांचं राज्य उलथवताना

शब्द पाठ करायचे नसतात, ते माणसांना जोडायचे असतात! हे माझं ठाम मत आहे. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथल्या रसायनांची अवघड नावं मी एकेका नातेवाइकाला चिकटवूनच लक्षात ठेवली. हळूहळू, पण खोलवर पोखरणारं आम्ल म्हणजे माझ्या आत्येसासूबाई. आजतागायत विसरलेली नाही!

म्हणून नणंदेने इंग्रजी शब्दांचं पुस्तक ओट्यावर आपटलं, तेव्हा मी म्हटलं, "एवढंच ना? माझ्यावर सोड!"

तिचं ऑफिस बंद पडल्यापासून ती घरीच होती. आता म्युझियममध्ये गाइडची जागा निघाली होती. परदेशी पाहुण्यांना राज्यक्रांतीचं दालन इंग्रजीतून समजावून सांगायचं काम. इतिहास तिला मुखोद्गत. पण इंग्रजी बोलायची वेळ आली की घशात बूच बसायचं. मागच्या मुलाखतीत ती स्वतःचं नाव सांगून, आभार मानून बाहेर आली होती.

"वहिनी, ही शेवटची मुलाखत. ही गेली तर पुन्हा कुठे अर्ज करणार नाही," ती म्हणाली. "आणि अप्पांना कळू देऊ नकोस हं! माझं वाक्य संपायच्या आत ते चूक काढतात."

अप्पा म्हणजे माझे सासरे. विमा कंपनीचा इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. अजूनही औषधाच्या बाटलीवरचा मजकूर ते लाल पेनाने दुरुस्त करतात.

मी घराचा देश केला. अप्पा राजे, बाल्कनीतली खुर्ची हे सिंहासन, टीव्हीचा रिमोट हा राजदंड. आम्ही मिक्सर चालू ठेवून सराव करायचो.

"द ओल्ड किंग मस्ट अब्डिकेट!" नणंद ओरडायची. म्हाताऱ्या राजाने गादी सोडलीच पाहिजे!

"छान! आता एक्झाइल."

"वी विल सेंड अप्पा इन्टू एक्झाइल!" अप्पांना हद्दपार करू!

"कधी?"

"ऑन फ्रायडे, द रेजीम विल फॉल!" शुक्रवारी मुलाखत होती, म्हणून सत्ताही शुक्रवारीच कोसळणार होती.

एकदा मिक्सर तापून मध्येच बंद पडला, आणि नेमके त्याच वेळी अप्पा पाणी प्यायला आले होते. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त दारात कोणीतरी ठेवलेला भरलेला पेला दिसला. मी तो उचलला आणि झाडाला पाणी घातलं.

त्यानंतर अप्पा विचित्र वागायला लागले. रिमोट उशाखाली घेऊन झोपायचे. बाल्कनीतली खुर्ची त्यांनी स्वतः ओढत खोलीत नेली. एकदा जेवताना विचारलं, "सूनबाई, वृद्धाश्रमात चहा वेळेवर देतात का गं?"

"चौकशी करून सांगते," मी म्हटलं. विचारलं ते सांगायचं, ही मला सवय! अप्पांचा घास हातातच राहिला.

मग वॉचमनने मला थांबवलं. "ताई, गाडी कधी येणार?"

"कसली गाडी?"

"अप्पांना न्यायला. आली तर आत सोडू नको, असं त्यांनी बजावलंय."

मी शास्त्रीय दृष्टीने विचार केला आणि निदान केलं: जीवनसत्त्वाची कमतरता! अप्पांना सकाळ-संध्याकाळ गोळी सुरू केली. ते ती माझ्यादेखत तोंडात टाकायचे आणि नंतर कुंडीत थुंकायचे. विष समजून! हेही मला नंतरच कळलं.

शुक्रवार उजाडला. नणंद तयार झाली. तिची प्रमाणपत्रांची फाइल अप्पांच्या खोलीतल्या कपाटात होती. तिने दार ढकललं, तर आतून कडी!

"अप्पा, दार उघडा!"

"नाही उघडणार! आज शुक्रवार आहे!" आतून सिंहगर्जना झाली. "आय विल नॉट अब्डिकेट!"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. दारातला तो भरलेला पेला कोणाचा होता, ते मला आत्ता कळलं.

"अप्पा, अहो तो अभ्यास होता! मुलाखतीचा!" मी म्हटलं.

"अभ्यास? कट शिजत होता! आणि हिला एवढं इंग्रजी येत नाही, हे मी जाणतो. कुठला वकील लिहून देतोय?"

"मी बोलते ते, अप्पा," नणंद रडकुंडीला आली. "माझी फाइल द्या ना. उशीर होतोय."

"मग बोलून दाखव! बोल तुझी राज्यक्रांती!"

तिने दाराकडे तोंड करून सुरुवात केली. पहिलं वाक्य अर्धं होतं न होतं तोच आतून आवाज आला, "चूक!"

आणि माझी शांत, गरीब नणंद कडाडली, "डोन्ट इंटरप्ट!"

मग ती जी सुटली! धान्य कसं महागलं, लोक रस्त्यावर का आले, सैन्याने कोणाची बाजू घेतली, तह कोणी मोडला... सगळं इंग्रजीत, बंद दाराकडे पाहत, हातवारे करत. मी दिलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं. सगळं तिचं स्वतःचं होतं.

कडी सरकली. अप्पा फाइल घेऊन उभे होते. डोळे लाल झाले होते.

"दोन-तीन चुका आहेत," ते खाकरत म्हणाले. "पण पाहुणेही करतील की दोन-तीन. पळ आता! रिक्षा मी थांबवतो." आणि बनियनवरच खाली धावले.

संध्याकाळी ती जिना चढतानाच ओरडली, "मिळाली! नोकरी मिळाली!"

अप्पांनी सगळ्यांसाठी स्वतः चहा टाकला. माझा नवराही ऑफिसातून लवकर आला होता.

"काय काय विचारलं गं?" मी म्हटलं.

"डिक्टेटर म्हणजे काय, ते पाहुण्यांना सोप्या शब्दांत कसं सांगाल? मी घरातलंच उदाहरण दिलं. हसून हसून पुरेवाट झाली त्यांची! लगेच म्हणाले, सोमवारपासून या."

"अप्पांचं उदाहरण दिलंस?"

"छे! अप्पा राजे आहेत."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो माझी नजर चुकवत, हसू दाबत, कधी नव्हे तो कपबश्या विसळायला उठला होता.