अर्थ लागत नाही

'ज्याच्या नजरेतून सुई सुटत नाही, ज्याच्या कानाला मुंगीची पावलं कळतात आणि ज्याच्या मेंदूला सुट्टी ठाऊक नाही, असा या भागात एकच माणूस आहे. तो नम्र असल्यामुळे स्वतःबद्दल बोलत नाही.'

हा मजकूर एका लाल वहीच्या पहिल्या पानावर होता आणि तो त्या नम्र माणसानेच लिहिला होता. गल्लीत सगळे त्यांना 'धागेदोरे' म्हणत. त्यांनी पोस्टात बत्तीस वर्षं, ज्या पत्रांचा पत्ता कोणालाच लागत नाही अशी पत्रं वाचून मार्गी लावायचं काम केलं होतं. त्यातली किती मार्गी लागली आणि किती भलत्याच घरी गेली याचा हिशोब कोणी ठेवला नाही, म्हणून ते सन्मानाने निवृत्त झाले. त्यानंतर त्यांनी शोधकार्याला वाहून घेतलं, म्हणजे घरातल्या माणसांना त्याची सोय करावी लागली.

या कार्यात त्यांचा मदतनीस होता त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता. दिवसभर दुसऱ्यांना स्पष्ट दिसायला लावायचं आणि सुट्टीच्या दिवशी भावोजींच्या मागे बॅटरी धरून उभं राहायचं, असं त्याचं आयुष्य. त्याला पुष्कळदा सगळं आधीच दिसत असे. पण पंधरा वर्षांच्या अनुभवाने तो शहाणा झाला होता आणि विचारल्याशिवाय बोलत नसे. भावोजी कधी विचारत नसत.

त्या गुरुवारी मात्र तो मुद्दाम सुट्टी काढून आला होता. दुपारी तीनला ताईची स्कूटर चालवण्याची परीक्षा होती. पुलापलीकडच्या शिवणकामाच्या कारखान्यात तिला कापड बेतण्याची नोकरी मिळाली होती, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, स्वतःच्या हाताच्या जोरावर. तिकडे बस जात नव्हती. सोमवारपासून ये, नाहीतर दुसरी बाई बघतो, असं मालकिणीने स्पष्ट सांगितलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी साहेबांनी तिला गाडीवर बसूही न देता परत पाठवलं होतं. ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागण्याऐवजी डावा इंडिकेटर मिणमिणत होता. हॉर्न दाबला की पुढचा दिवा मंद होत होता आणि हॉर्नमधून सर्दी झाल्यासारखा आवाज येत होता. "आधी गाडीचं डोकं ठिकाणावर आणा," असं साहेब म्हणाले होते. आज जमलं नाही, तर पुढची तारीख दीड महिन्याने होती.

"इंजिन ठणठणीत आहे," धागेदोरे अंगणात स्कूटरभोवती फेऱ्या मारत म्हणाले. "म्हणजे गुन्हा फक्त वायरिंगमध्ये झालाय. गुन्हेगाराला विजेचं ज्ञान आहे."

"किंवा विजेलाच आपलं ज्ञान नाही," मेहुणा पुटपुटला.

"बॅटरी नीट धर."

दुसऱ्याकडून घेतलेली ती जुनी स्कूटर नव्या पोपटी रंगात चकाकत होती. पहिल्या परीक्षेच्या आधी भावोजींनी ती बायकोला भेट म्हणून स्वतः रंगवली होती. एकेक नट-बोल्ट खोलून, कानाकोपऱ्यातून ब्रश फिरवून, दोन हात दिले होते. चार दिवस त्यांच्या मिशीची टोकंही पोपटी होती.

पहिला धागा साडेनऊला हाती लागला. हेडलाइटच्या मागे एका वायरचं प्लास्टिक कुरतडलेलं होतं. धागेदोरे भिंगातून बघत म्हणाले, "उंदीर. वयस्कर. समोरचा एक दात पडलेला."

मेहुण्याने भावोजींच्या तोंडाकडे पाहिलं. परवाच त्यांनी हीच वायर दाताने सोलली होती आणि त्यांचा समोरचा एक दात दोन वर्षांपूर्वीच त्यांना सोडून गेला होता. पण विचारलं कोणी नव्हतं. सवय मोडवत नाही.

उंदराचं बीळ शोधण्यात तास गेला. बीळ सापडलं नाही, तेव्हा उंदीर निर्दोष ठरला आणि संशय समोरच्या घरातल्या पेन्शनरांवर गेला. दुपारची झोप मोडते म्हणून त्यांनी हॉर्नबद्दल दोनदा तक्रार केली होती.

"हॉर्न बिघडला तेव्हा तुम्ही कुठे होता?" धागेदोऱ्यांनी त्यांना दारातच गाठलं.

"झोपलो होतो."

"साक्षीदार?"

"अहो, झोपेला साक्षीदार कसला? तुमचा हॉर्न बिघडला याचा मला मनापासून आनंद आहे. पण तो माझ्या कष्टाचा नाही. आयता मिळालाय." एवढं बोलून पेन्शनरांनी दार लावलं.

"फार मोकळेपणाने बोलतो," धागेदोरे वहीत लिहीत म्हणाले. "चोराच्या मनात चांदणं."

ताई उंबऱ्यात उभी राहून हे ऐकत होती. तिच्या हातात नव्या नोकरीसाठी शिवलेली कापडी पिशवी होती. तिने घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून गेले होते.

"मिस्त्रीला बोलवा," ती म्हणाली.

"घरात मी असताना?"

"तुम्ही आहात म्हणूनच."

मिस्त्री आला. तो अबोल होता, कारण कामाच्या वेळी त्याच्या तोंडात कायम चार स्क्रू असत. त्याने ब्रेक दाबला, मिणमिणता इंडिकेटर पाहिला, हॉर्न ऐकला, सीटखाली डोकावला आणि स्क्रूंच्या फटीतून तीनच शब्द काढले.

"अर्थ लागत नाही."

धागेदोऱ्यांचा चेहरा उजळला. "ऐकलंस?" ते मेहुण्याला म्हणाले. "तज्ज्ञांनी हात टेकले. मिस्त्री, ज्याचा अर्थ लागत नाही त्याचा अर्थ लावणं, यातच माझी हयात गेली. या तुम्ही."

"अहो, पण अर्थ मी..."

"अर्थ तुम्ही मला शिकवू नका!"

मिस्त्रीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे, आणि तो सायकलवर बसून निघून गेला. तोंडात स्क्रू असलेल्या माणसाने वाद घालू नये, हे त्याला कळत होतं.

मग धागेदोऱ्यांनी अंगणात तरट पसरलं आणि सगळ्या वायरी मोकळ्या करायला घेतल्या. लाल, पिवळी, निळी, हिरवी. सुतावरून स्वर्ग गाठायची त्यांना जुनीच खोड, त्यात आज सूत तांब्याचं होतं. जुन्या मालकाने गाडी विकताना वायरींच्या रंगांत सांकेतिक संदेश ठेवलाय, इथपर्यंत ते पोचले. साडेबाराला त्यांनी लाल वायर पिवळीला जोडून पाहिली. तशी गाडीतून एक ठिणगी आणि थोडा धूर निघाला, आणि फ्यूज उडाला.

"गुन्हेगार बिथरलाय," ते म्हणाले.

तेव्हा ताई बोलली. आवाज चढवला नाही, त्यामुळेच मेहुण्याने हातातली बॅटरी विझवली.

"तीस वर्षं तुमच्या मागे बसले. तुम्ही थांबलात तिथे थांबले. वाटेत कोणाची चप्पल पडलेली दिसली तरी तुम्ही तपासाला उतरायचा आणि मी भाजीच्या पिशव्या धरून उन्हात. एकदा, फक्त एकदा, मला माझ्या कामाला माझी मी जायचंय. तुम्हाला ते नको असेल तर तसं सांगा. उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नका."

हातातली निळी वायर धागेदोऱ्यांनी हळूच तरटावर ठेवली. "नको असतं तर दोन हात रंग दिला असता का गं?" एवढंच ते म्हणाले, आणि या एका वाक्यात मात्र काही बनाव नव्हता.

ताई स्कूटरकडे बघत राहिली. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "मिस्त्री काय म्हणाला मघाशी?"

"अर्थ लागत नाही," मेहुणा म्हणाला.

"आपल्या इस्त्रीचा मला झटका बसायचा, आठवतं? तेव्हा तो वायरमन काय म्हणाला होता? 'बाई, हिला अर्थ नाही.' मी म्हटलं, संसारालाच नाही तर इस्त्रीला कुठून असणार! तर त्याने तिसऱ्या पिनची वायर दाखवली. तिला अर्थ म्हणतात. जमिनीला जोडणारी." ती स्कूटरजवळ बसली. "गाडी तर चाकांवर. मग हिचा अर्थ कुठे असतो रे?"

आता विचारलंच होतं, म्हणून मेहुणा म्हणाला, "गाडीच्या पत्र्यालाच असतो, ताई. दिव्यांतून गेलेली वीज पत्र्यावरून बॅटरीकडे परत येते. ती वाट बंद झाली, की वीज दुसऱ्या दिव्यातून घुसून वाट काढते."

"तुला माहीत होतं?" धागेदोरे ओरडले.

"अंदाज होता. तुम्ही विचारलं नाहीत."

"पुढच्या वेळी न विचारता बोलायचं," ताई म्हणाली, आणि ते दोघांनाही लागलं.

सीटखाली एक काळी वायर बोल्टने पत्र्याला घट्ट बसवलेली होती. दिसायला सगळं ठाकठीक. ताईने बोल्ट काढला. वायरीच्या कडीखाली, बोल्टच्या भोकाभोवती, जिथे नुसतं लोखंड हवं होतं तिथे पोपटी रंगाचा जाड, गुळगुळीत, प्रेमाने दिलेला थर होता. दोन हात.

धागेदोऱ्यांनी भिंग डोळ्याला लावलं, बराच वेळ पाहिलं आणि खिशात ठेवलं.

ताईने आतून नखं घासायची कानस आणली आणि रंग खरवडून काढला. लोखंड चमकलं. तिने वायर बसवली, बोल्ट आवळला. मेहुण्याने बाकीच्या वायरी रंगाला रंग जुळवून जोडल्या आणि नवा फ्यूज घातला. ब्रेक दाबला, मागे लालभडक दिवा लागला. हॉर्न असा कडाडला की समोरच्या घरात पलंग करकरला.

परीक्षेच्या मैदानावर साहेबांनी सगळे दिवे तपासले, हॉर्न वाजवून पाहिला, तरी त्यांच्या कपाळाची आठी गेली नाही. त्यांनी कागदावरचं वय वाचलं, मग ताईला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बाई, घरी गाडी चालवणारे यजमान आहेत ना? मग या वयात हा खटाटोप! याला काही अर्थ आहे का?"

धागेदोरे पुढे सरसावले. मेहुण्याने त्यांची बाही धरली. ताईने हेल्मेटचा पट्टा आवळला.

"आहे, साहेब," ती म्हणाली. "दुपारीच घासून बसवलाय."

तिने किक मारली, उजवा इंडिकेटर दिला आणि वळण घेऊन निघाली. आठाचा आकडा तिने पाय न टेकता पुरा केला. साहेबांनी सही केली.

सोमवारी सकाळी ती कामावर गेली तेव्हा धागेदोरे फाटकापाशी उभे होते. गल्लीच्या टोकाशी मागचा लाल दिवा एकदा लागला, विझला आणि गाडी पुलाकडे वळली. मग ते आत आले आणि लाल वही उघडून लिहायला बसले: 'प्रकरण उलगडलं. गुन्हेगार घरातलाच निघाला. त्याचा हेतू चांगला होता.' जरा थांबून त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली: 'तपास बायकोने केला.' आणि ती ओळ, मेहुण्याने नंतर पाहिलं तेव्हाही, खोडलेली नव्हती.