नेमाबाहेरचा कांदा

“देवाच्या नावानं खोटं बोलू नको, पोरी. आन् तोंडातनं गेलंच, तर ते खरं करून दाव.”

माहेरी, पलूसला, आईनं हे सांगून कित्येक वर्षं झाली होती. विजयमालेला ते आठवलं आष्ट्याच्या मुलींच्या शाळेत, मधल्या सुट्टीत, आणि तेही खोटं बोलून झाल्यावर.

शाळेच्या मुख्याध्यापिका राहीबाई दिवाळीनंतर नोकरीतून मोकळ्या होणार होत्या. किल्ल्यांचा जुडगा पुढे कुणाच्या कमरेला लागायचा, हे साताऱ्याहून शाळा तपासायला येणारे साहेब ठरवणार होते. गाव त्यांना दिपोटी म्हणे. जागा एक आणि मास्तरणी दोन, विजयमाला आणि त्रिशला. विजयमालेचे मालक लालासाहेब पलटणीत होते. लढाई संपली तरी पलटण सुटली नव्हती. ज्येष्ठात रजेवर येऊन गेले आणि भाद्रपदात हिला सकाळच्या उलट्या सुरू झाल्या. पहिलंच. सासूबाई हरखल्या, तीही हरखली; पण लगेच तिला स्कूल बोर्डातल्या कारकुनाचं बोलणं आठवलं, “बाई दोन जिवांची झाली, की तिचा कागद फायलीत सगळ्यांत खाली.”

दिपोटी येऊन जाईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं. नेमका त्याच दिवशी राहीबाईंनी डबा उघडला. आत कांदा घालून केलेलं पिठलं.

“घे की गं चतकोर भाकरी.”

विजयमालेनं नाकाला पदर लावला. “नगं बाई. माझा नेम हाय, चातुर्मासाचा. कांदा खायचा न्हाई, वास बी घ्यायचा न्हाई.”

“वास बी न्हाई? लय कडक गं!”

नेम पाहुण्यासारखा असतो. ओसरीवर टेकला की हळूहळू माजघरात येतो. दुसऱ्या आठवड्यात तिला उभं राहून चक्कर येऊ लागली, म्हणून ती बसून शिकवू लागली. मुलींनी विचारलं तर, “नेम हाय.” दुपारपर्यंत पोटात काही ठरत नव्हतं, तोही नेम. शाळेमागच्या झाडाची हिरवी चिंच मात्र ती येता-जाता चघळायची. ती म्हणे नेमाला चालायची.

पोरींनी हे सगळं घरी नेलं. घटस्थापनेच्या सुमाराला त्यांच्या आया शाळेच्या दारात उभ्या राहिल्या. “बाई, कंच्या देवाचा म्हनायचा ह्यो नेम?”

“मनातल्या,” ती खाली बघत म्हणाली.

त्या देवाला नारळ लागत नाही, हे बायकांना फार पटलं. निम्म्या गल्लीनं नेम धरला. आकाराम म्हणून एक शेतकरी होता, तो वाटेत आडवा आला. “आवं बाई, नेम तुमचा आन् हाल आमच्या कालवनाचं!”

सगळ्यांत उत्साह त्रिशलेला. ती जैनाघरची, चातुर्मासात कांदा तिला तसाही वर्ज्य. पण तिनं खुर्चीसुद्धा ओढून घेतली, चिंचही धरली. ‘माझाच नेम चोरून दिपोट्यापुढं मिरवणार,’ विजयमालेच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं. हल्ली ते लवकर फुटे.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी दिपोटी आले. दोन्ही वर्गांत मास्तरणी बसलेल्या बघून त्यांनी चष्मा पुसला.

“उभ्यानं शिकवायची पद्धत बंद झाली काय?”

“नेम हाय, साहेब,” राहीबाई म्हणाल्या.

“खात्याचा?”

“देवाचा.”

खात्यापलीकडच्या गोष्टीत साहेब पडत नसत. त्यांनी दोन्ही वर्ग एकत्र बसवले. “वस्तुपाठ घ्या. एखादी वस्तू मुलींसमोर ठेवायची आणि तिची माहिती सांगायची. वस्तू साधीच घेऊ. शेजारून एक कांदा आणा.”

शिपाई सात घरं फिरला. सातही घरांत नेम. शेवटी आकारामानं गोठ्यात लपवलेला, नारळाएवढा कांदा दात काढत हवाली केला.

“आधी विजयमालाबाई. कापा आणि पापुद्रे मोजायला लावा.”

विजयमालेनं श्वास धरून विळी चालवली. एक पापुद्रा सुटला. दुसरा सुटला, तेव्हा श्वासही सुटला. पदर तोंडाशी धरून ती मागच्या दारानं पळाली.

“हं. दुसऱ्या बाई?” साहेबांनी वळून बघितलं. दुसरी खुर्ची आधीच रिकामी होती.

चिंचेखाली त्रिशला झाडाला धरून वाकली होती. विजयमालाही पलीकडच्या बाजूनं वाकली. दोघींचं उरकल्यावर दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

“तुमास्नी बी?”

“व्हय.”

“कितवा म्हैना?”

“चौथा लागला.”

“माझा बी चौथाच! आन् मी समजले, तुमी माझा नेम चोरला.”

“चोरला न्हाई वो, उसना घेतला. लय सोयीचा हुता.”

राहीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. “मला काय डोळं न्हाईत? दोघींनी मिळून चिंच बोडकी केलीया.”

साहेब गेल्यावर राहीबाईंनी शेरेबुक उघडून वाचलं, ‘राहीबाई यांनी आणखी एक वर्ष राहण्याची तयारी दाखवली आहे, तशी शिफारस करतो. दोन्ही शिक्षिकांचा वस्तुपाठ पुढील वर्षी पुन्हा पाहून जागेचा निर्णय व्हावा. वस्तू : चिंच.’

“साहेबास्नी कसं कळलं?”

“त्यास्नी पाच लेकरं हायती.”

बातमी फुटली, तसा गल्लीतला नेमही फुटला. बायका पोट धरून हसल्या आणि त्याच सांजेला घरोघरी फोडणीत कांदा पडला. आठवड्यात विजयमालेच्या उलट्या थांबल्या. मग अशी भूक लागली आणि कांद्यावर अशी वासना गेली, की स्वप्नातसुद्धा तो बुक्कीनं फुटायचा.

सकाळी सासूबाईंनी गरम भाकरी, ठेचा आणि फोडलेला कांदा पुढं ठेवला. “खा गं. आता कुनाची चोरी?”

चातुर्मास संपायला, कार्तिकी एकादशीला, अजून सतरा दिवस होते. पोटातल्या जिवाला उपाशी ठेवा, असं आई कधीच म्हणाली नसती; म्हणून विजयमालेनं भाकरी पोटभर खाल्ली. कांदा तेवढा उचलून सासूबाईंच्या ताटात ठेवला, हात धुतले आणि पदर सावरून ती, गल्लीभर परतणाऱ्या कांद्याच्या वासातून, शाळेच्या वाटेला लागली.